धसका बसतो म्हणजे डोक्यात नेमकं काय होतं

आमच्या घराच्या मागच्या बोळात तेव्हा पॉवरलूमचा कारखाना होता. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्यांना हे सांगायला नको, लूम चालू झाले की नुसता आवाज येत नाही, फरशी थरथरते, भिंतीला तळहात लावला तर हाताला कळतं, मांडणीवरची स्टीलची ताटं बारीक वाजायला लागतात. आम्हाला त्याचं काहीच वाटायचं नाही, उलट रात्री लाईट जाऊन लूम बंद पडले की झोपमोड व्हायची. १९९३ च्या ऑक्टोबरात माझी मावशी आमच्याकडे राहायला आली, उमरगा तालुक्यातल्या तिच्या गावाहून, काका आणि दोन वर्षांचं पोरगं घेऊन. आली त्या दिवशी लाईट नव्हती. रात्री आठच्या सुमाराला आम्ही जेवत असताना लाईट आली, मागचे लूम एकदम सुरू झाले आणि मावशी ताटावरून उठली, पोराला दंडाला धरून उचललं आणि थेट रस्त्यावर. "हललालंय, बाहेर चला, हललालंय!" एवढंच ओरडत होती. पाय अनवाणी, हाताला पिठलं तसंच.

आई तिला समजवायची, अगं लूम आहेत ते, मागे कारखाना आहे. मावशी मान हलवायची, तिला समजायचं, दुसऱ्या दिवशी तर आईने तिला नेऊन कारखान्याचं दार पण दाखवलं. संध्याकाळी परत तेच. शेजारची एक बाई म्हणाली डोक्यावर परिणाम झालाय, दुसरीने बाहेरचं काहीतरी असेल म्हणून उतारा टाकायला सांगितला, आणि वडील म्हणायचे विसरून जायचं आता, मनावर घ्यायचं नाही. सगळे चांगल्या मनाने बोलत होते. मी नऊ वर्षांची होते आणि मला एकच प्रश्न पडायचा की मावशीला माहितीये ना हा भूकंप नाही, मग ती पळते का? पुढे मी सायकॉलॉजी घेतलं, आता शाळेत समुपदेशक म्हणून काम करते, त्याच्या मुळाशी हा एकच प्रश्न आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून गाढ झोपलेली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं काही सेकंदात भुईसपाट झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तिकडची घरं दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं जड छत, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. मावशी आणि पोरगं एका तुळईच्या खाली अडकले म्हणून वाचले, काका राखणीला शेतात होते म्हणून वाचले, सासू गेली. सोलापुरात पण धक्का जाणवला होता, आम्ही सगळे रस्त्यावर आलो होतो, पुढचे काही दिवस गल्लीतले लोक बाहेरच झोपायचे, पण आमची भीती दिवाळीपर्यंत ओसरली आणि मावशीची नाही ओसरली.

आता ट्रॉमा हा शब्द रील्समुळे सगळ्यांच्या तोंडी झालाय, बॉस ओरडला तरी ट्रॉमा. पण आपल्या भाषेत त्याला फार नेमका शब्द आहे, धसका. "तिने धसका घेतला", "पोराने धसका खाल्ला" असं आपण म्हणतो. जीव जाईल असं वाटलं, शरीरावर अत्याचार झाला, डोळ्यासमोर कुणी गेलं, असं काहीतरी होतं आणि ते होऊन गेल्यावरही आत चालूच राहतं, त्याला मी इथे धसका म्हणतेय. किल्लारीसारखाच तो पुणे हायवेवरच्या अपघाताने बसतो, नवऱ्याच्या रोजच्या मारहाणीने बसतो, कोविडमध्ये ऑक्सिजनसाठी रात्रभर पळालेल्या माणसालाही बसलेला मी बघितलाय.

आता डोक्यात काय होतं ते. कानशिलाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर, डावीकडे आणि उजवीकडे एक एक बदामाएवढा भाग असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका हुंगणं हे त्याचं एक मोठं काम. अंधारात पायाशी दोरी दिसली आणि आपण साप समजून उडी मारली, हे प्रत्येकाचं झालेलं असतं ना? जोसेफ लेडू नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांवर काम करून दाखवलं की धोक्याची खबर मेंदूत दोन वाटांनी जाते, एक आखूड वाट थेट अमिग्डालाकडे, आणि दुसरी लांबची, जिथे नीट बघून पारखून ठरवलं जातं. आखूड वाटेने खबर आधी पोचते म्हणून शरीर उडी मारतं आणि मग, क्षणभराने, दोरी दिसते. ही काही चूक नाहीये, साप असता तर त्याच क्षणाने वाचवलं असतं.

एकदा अमिग्डालाने हाक दिली की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, थोड्या वेळाने कॉर्टिसोल. काळीज धडधडतं, श्वास वर वर चालतो, हातापायाकडे रक्त जातं, तोंडाला कोरड पडते, पोटाचं काम थांबतं. पळ नाहीतर लढ, त्याची ही सगळी तयारी. आणि पळता पण येत नाही, लढता पण येत नाही असं झालं तर तिसरी गोष्ट होते, शरीर थिजतं. हात उचलत नाही, घशातून आवाज निघत नाही. हे मला जरा थांबून सांगायचंय कारण आपल्याकडे पोरीवर हात टाकला गेला की पहिला प्रश्न येतो "तू ओरडली का नाहीस?" आणि ती पोरगी पुढे वर्षानुवर्षं स्वतःला तोच प्रश्न विचारत बसते. ती ओरडली नाही कारण त्या वेळी गळा तिच्या ताब्यातच नव्हता. थिजायचं की नाही हे माणूस ठरवत नाही, मेंदूचा खूप जुना भाग ठरवतो, जनावरातही तेच होतं. घरातल्या मुलीशी बोलताना एवढं जरी लक्षात ठेवलं तरी तिचा अर्धा त्रास आपण वाढवणार नाही.

अमिग्डालाला चिकटूनच दुसरा भाग आहे, हिप्पोकॅम्पस, आकार समुद्रघोड्यासारखा म्हणून हे नाव. आठवण नीट बांधून ठेवणं हे त्याचं काम, म्हणजे हे कुठे झालं, कधी झालं, आधी काय मग काय. पोस्टात पत्रावर शिक्का मारतात ना गावाचा आणि तारखेचा, तसा तो आठवणीवर शिक्का मारतो. पण जिवावर बेतलेलं असताना, अंगात ती रसायनं उसळलेली असताना, हा शिक्का नीट बसत नाही, आणि अमिग्डाला मात्र त्याच वेळी दुप्पट जोरात नोंद करत असतो. मग आठवण राहते ती तुकड्यातुकड्यांनी. थरथर. धुळीची तोंडातली चव. ओल्या मातीचा वास. तारीख नसलेली आठवण परत आली की ती जुनी आहे हे कळत नाही, ती आत्ता घडतेय असंच शरीराला वाटतं. पहिल्या पावसाचा मातीचा वास आला की आपण खिडकी उघडतो, मावशी सगळ्या खिडक्या लावून घ्यायची आणि का लावल्या विचारलं तर तिला सांगता यायचं नाही.

सांगता न येणं यावर एक जुना किस्सा आहे. जिनिव्हाचे डॉक्टर क्लापारेड यांनी १९११ साली लिहून ठेवलाय. त्यांच्याकडे एक बाई होती, तिची स्मृती इतकी गेलेली की डॉक्टर रोज भेटले तरी ती रोज नव्याने ओळख करून घ्यायची. एकदा त्यांनी बोटांमध्ये टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला, तिला टोचली. पुढच्या वेळी ती त्यांना ओळखत नव्हतीच, टाचणीचं पण काही आठवत नव्हतं, पण हात पुढे करेना. का, ते सांगता येईना. म्हणजे डोक्याला घटना आठवत नसली तरी धोका कुठे आहे हे आत कुठेतरी पक्कं लिहिलेलं असतं, या दोन वह्या वेगळ्या आहेत. मावशीला भूकंप आठवत होता हा फरक आहे, पण तिची पळायची वही ती दुसरी, आणि आई समजवत होती पहिल्या वहीला.

तिसरा भाग कपाळाच्या मागे, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, विचार करणारा, ब्रेक लावणारा, अमिग्डालाला "गप बस, लूम आहेत" असं सांगणारा. भीती फार चढली की हाच भाग ढिला पडतो. कळतं पण वळत नाही असं आपण म्हणतो ते अगदी शब्दशः हेच. १९९६ साली अमेरिकेत धसका बसलेल्या आठ जणांचा अभ्यास झाला, त्यांना त्यांच्याच बाबतीत घडलेलं ऐकवलं आणि त्याच वेळी मेंदूचं स्कॅन केलं, तर बोलण्याशी संबंधित भाग मंदावलेला दिसला आणि बघण्याशी संबंधित भाग जागा झालेला. आठच माणसं होती, त्यावर फार मोठा इमला बांधू नये, पण ज्यांनी कुणाला "डोळ्यापुढे दिसतंय पण शब्द फुटत नाही" असं म्हणताना ऐकलंय त्यांना ते लगेच पटेल.

मग दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पिणं सुरू होतं. भूकंपाची भीती लूमला चिकटते, लूमची ट्रकला, ट्रकची दुपारच्या ढगांच्या गडगडाटाला. माणूस त्या त्या गोष्टी टाळायला लागतो, टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि म्हणूनच भीती आत तशीच राहते, कारण आता धोका नाही हे तपासून बघायची संधीच मेंदूला मिळत नाही. झोप उडते, चिडचिड होते, कशातच मन लागत नाही, स्वतःलाच दोष देणं चालू होतं. सासूला आधी उठवलं असतं तर, हे मावशी कितीतरी वर्षं म्हणायची. काही सेकंदात सगळं झालेलं, कुणाला उठवायला वेळ कुठे होता?

पहिल्या काही आठवड्यात असं सगळं होणं हे आजारपण नव्हे, बहुतेक माणसं हळूहळू आपापली सावरतात. महिना उलटला, तरी कमी होत नाही आणि रोजचं जगणं अडतंय, तेव्हा डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात, हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात १९८० साली आलं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. आणि एक, ट्रॉमामुळे मेंदू आकसतो असं सांगणारे व्हिडिओ फिरतात ना, ते ऐकून घाबरू नका. पीटीएसडी असलेल्यांचा हिप्पोकॅम्पस सरासरीने थोडा लहान दिसतो हे खरंय, पण २००२ साली व्हिएतनामचे सैनिक आणि त्यांची घरी राहिलेली जुळी भावंडं तपासली तेव्हा युद्धावर न गेलेल्या भावाचाही तसाच लहान निघाला. म्हणजे काही जणांचा तो आधीपासूनच तसा असू शकतो. मेंदू खराब झाला, आता काही होणार नाही, असा अर्थ कुणी काढू नये.

बरं कसं होतं, तर त्यासाठी परत लूमकडे यावं लागेल. काका त्याच मागच्या कारखान्यात कामाला लागले. सुट्टीच्या दिवशी मालकाला विचारून ते मावशीला आत घेऊन गेले, सगळं बंद होतं, तिला मागाला हात लावून बघू दिला, धोटा कुठून कुठे जातो ते दाखवलं. एवढंच आणि परत घरी. पुढच्या सुट्टीला परत. तिसऱ्या का चौथ्या वेळी त्यांनी एकाच लूमचं बटण तिच्या हातात दिलं आणि म्हणाले तू चालू कर, नको वाटलं की तूच बंद कर. तिने दाबलं, जमीन थरथरली, तिने लगेच बंद केलं. थरथर थांबली. परत दाबलं. मी दारात उभी होते, मला अजून तिचा अंगठा दिसतो, नख पांढरं पडेपर्यंत दाबून धरलेला. असं किती वेळा केलं कुणी मोजलं नाही, पण घामाने तिचं पोलकं भिजलं होतं आणि निघताना ती म्हणाली, "मी बंद केलं की बंद होतंय की." पुढे सहा महिन्यांनी ती त्याच कारखान्यात कांड्या भरायला बसायला लागली.

काकांनी कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं, खोली बदलायला पैसे नव्हते म्हणून केलं त्यांनी. पण आज तज्ज्ञ लोक जी थेरपी देतात, एक्स्पोजर म्हणतात तिला, तिचा गाभा हाच आहे, सुरक्षित जागी, थोडं थोडं, आणि दोरी त्या माणसाच्या हातात. जबरदस्तीने नेऊन लूमपुढे उभं केलं असतं तर धसका दुप्पट झाला असता, हे लक्षात घ्या, घरच्या घरी कुणावर असले प्रयोग करू नका, मोठ्या धसक्यात हे शिकलेल्या माणसाच्या सोबतीनेच करायचं. यात जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवीन शिकणं लिहिलं जातं, "ही थरथर म्हणजे लूम", आणि कपाळामागचा भाग ते नवीन शिकणं वापरून अमिग्डालाला आवरायला शिकतो. जुनं खाली शिल्लक असतं म्हणून ते कधीतरी वर येतं, पाव्हलॉव्हने कुत्र्यांमध्ये हेच पाहिलं होतं, विझलेली सवय काही काळ गेला की आपोआप परत डोकं काढते. म्हणून वर्षश्राद्धाच्या सुमाराला, त्याच ऋतूत त्रास वाढला तर सगळं पाण्यात गेलं असं समजू नका.

बोलून बरं होणं पण याच अंगाने जातं. थेरपीत माणूस घडलेलं क्रमाने सांगतो, आधी काय, मग काय, आणि मग ते संपलं, असं पुन्हा पुन्हा सांगताना राहिलेला शिक्का बसत जातो. स्वतःवर घेतलेला दोष तपासून बघायची वेगळी पद्धत आहे. ईएमडीआर नावाची एक पद्धत फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ मध्ये सुरू केली, आठवण मनात धरून डोळ्यांनी हलणाऱ्या बोटामागे बघायचं, डोळ्यांच्या हालचालीने नेमकं काय होतं यावर वाद आहे पण पद्धतीचा उपयोग होतो हे बऱ्याच अभ्यासात दिसलंय. गोळ्यांमध्ये सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन या गटातल्या गोळ्या काहींना चांगला आधार देतात, त्यांचा असर यायला काही आठवडे जातात.

झोपेच्या गोळ्यांबद्दल मात्र मला तिडकीने लिहायचंय. मावशीच्या पोराचा पुढे हायवेवर अपघात झाला, पाय मोडला, तो बरा झाला पण तिची झोप पूर्ण गेली, पहाटे चारच्या आधी दचकून उठायची. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आणि तीच गोळी चार वर्षं चालू राहिली, कुणी एकदाही विचारलं नाही की बाई, चारलाच का जाग येते? अशा बेन्झो, म्हणजे बेन्झोडायझेपिन, गटातल्या गोळ्या पीटीएसडीवरचा इलाज नाहीत, सवय लागते आणि नवीन शिकणं उलट अवघड होतं. पण कुणी घेत असाल तर आज वाचून उद्या बंद करू नका, एकदम बंद केलं तर झटके येऊ शकतात, डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायच्या.

आणि अगदी ताज्या घटनेत, अपघातानंतर, मयतानंतर, माणसाला खोदून खोदून "काय झालं सांग, मन मोकळं कर" करू नये. पूर्वी असं सगळ्यांना एकत्र बसवून लगेच बोलतं करायचे, अभ्यासात त्याचा फायदा दिसला नाही, काहींना त्रासच झाला. त्यापेक्षा पाणी, अंगावर चादर, घरच्यांना फोन, बाजूला गप्प बसून राहणं. तो आपणहून बोलला तर ऐका. लहान पोरं बोलून दाखवत नाहीत, ती अंथरूण ओलं करतात, आईला सोडत नाहीत, नाहीतर तोच खेळ खेळत राहतात. माझ्याकडे पाचवीतलं एक पोरगं पाठवलं होतं, मधल्या सुट्टीत दोन डस्टर एकमेकांवर आपटत बसतो म्हणून. वडिलांची मोटरसायकल आणि टेम्पो होता तो. मस्ती नव्हती.

धडकी भरली तर त्या क्षणी करण्यासारखं एकच सांगते, बाकी नंतर. श्वास घ्यायचा त्यापेक्षा सोडायचा जास्त वेळ, चारपर्यंत मोजत घ्या, सहा-सातपर्यंत मोजत सोडा. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस काळजाचा ठोका मंद करते, हे शरीरातच बसवलेलं आहे. पाय थंड फरशीवर ठेवा आणि आजूबाजूच्या पाच गोष्टींची नावं मोठ्याने घ्या, घड्याळ, कॅलेंडर, पाण्याचा माठ, म्हणजे मेंदूला कळतं आपण आत्ता कुठे आहोत आणि आज तारीख काय.

सोलापुरात आपल्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागते, मराठीतून बोलतात. जीव नकोसा वाटत असेल तर सकाळची वाट बघू नका, आत्ता लावा, आणि जवळच्या एकाला तरी सांगा.

मावशी शेवटी नीट थेरपी करणाऱ्या बाईंकडे गेली तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. पहिल्या चार वेळा ती फक्त शेंगाचटणीचं प्रमाण सांगून आली म्हणे. पाचव्या वेळी सासूचं नाव घेतलं.

गेल्या विसर्जनाला मी तिच्याकडे होते. ती भाकऱ्या करत होती, गल्लीच्या तोंडाला मिरवणूक आली आणि डॉल्बीने खिडकीच्या काचा, मांडणीवरची ताटं सगळं थरथरायला लागलं. तिचा हात परातीतच थांबला. उठली, दारापर्यंत गेली, चौकटीला हात लावून उभी राहिली, बराच वेळ. मी काही बोलले नाही. मग परत येऊन बसली, "मिरवणूक हाय," म्हणाली, आणि तव्यावरची करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली. रात्री झोपताना लाईट मात्र चालूच ठेवायला सांगितली.